जामीन कोण राहणार?

माझे वडील कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं नोकरीला होते. उपदेश करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकच वाक्य मात्र आम्हा भावंडांच्या कानावर दर दोन-चार महिन्यांनी पडायचं: काहीही करा, कुणाला जामीन राहू नका. कर्जदार गाव सोडून जातो आणि वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दाराला चिकटते, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कधी सही दिली नाही. आज मी त्या वाक्याच्या विरोधात लिहायला बसले आहे. ते वाक्य पाळून मी एका माणसाचं नुकसान केलं, हे त्यामागचं कारण.

गेली पंधरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका शहरात राहते. व्यवसायाने अकाउंटंट आहे. घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी आश्रय मागायला आलेल्या लोकांसाठी एक केंद्र चालतं, तिथे मी जाते. गरम जेवण, इंग्रजीचा वर्ग, सरकारी पत्रं वाचून समजावणं, फॉर्म भरून देणं, असं तिथलं काम. तिथे सुदानमधल्या दारफूरहून आलेला एक तरुण भेटला. तो वायरमन होता. हॉलमधला एक दिवा कित्येक महिने लुकलुकत होता, तो त्याने आल्या-आल्या नीट केला. त्यावर आमच्यातल्या एकीने काळजीने विचारलं, हे ‘काम’ तर धरलं जाणार नाही ना? कारण काम करायला त्याला परवानगी नव्हती.

सव्वा वर्षाने त्याचा अर्ज मंजूर झाला. त्या बुधवारी हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, मी नेलेल्या शंकरपाळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. पुढच्या बुधवारी तो आला तो घराचा प्रश्न घेऊन. सरकारने दिलेली खोली सोडायची होती. भाड्याची खोली बघितली होती, पण एजंट जामीनदार मागत होता. इथे नोकरी असलेला, पगार दाखवू शकणारा कुणीतरी. त्याच्या ओळखीत असं माणूस कोण? आम्ही बुधवारवाले. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “बघते.” मराठीत ‘बघते’ म्हणजे काय, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. तो दोन आठवडे माझ्या उत्तराची वाट पाहत राहिला.

मुदत संपल्यावर तो दुसऱ्या शहरात ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपायला गेला. इथे एका ठेकेदाराने त्याला मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, ते काम तिथेच राहिलं.

मराठीत आपण सगळ्यांनाच सरसकट ‘निर्वासित’ म्हणतो. ब्रिटनच्या व्यवहारात दोन पायऱ्या आहेत. ज्याचा अर्ज अजून तपासला जातो आहे तो आश्रयार्थी, आणि ज्याचा अर्ज मंजूर झाला तो निर्वासित. पहिली पायरी कठीण आणि दुसरीवर पाय ठेवला की माणूस सुटला, असा सर्वांचा समज असतो. माझाही होता.

पहिल्या पायरीवर हलाखी आहे, यात शंका नाही. १९९९ च्या कायद्यानुसार निराधार आश्रयार्थीला सरकार राहायला जागा देतं. ती कुठल्या शहरात हे निवडता येत नाही. जिथे घरं स्वस्त तिथे पाठवतात, म्हणून ब्रॅडफर्ड, मिडल्सबरो, स्टोक, ग्लासगो ही नावं या लोकांच्या तोंडी सारखी येतात. २०२४ च्या जानेवारीत खर्चासाठीची रक्कम आठवड्याला ४९.१८ पौंड ठरली. म्हणजे दिवसाला सात पौंड. त्यात जेवण, कपडे, बस, फोन सगळं आलं. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलं असेल तर तेव्हा आठवड्याला ८.८६ पौंड होते. एका कार्डावर हे पैसे जमा होतात. २०२३ च्या मध्यात पहिल्या निर्णयाची वाट पाहणाऱ्यांची संख्या १ लाख ७५ हजारांवर गेली होती. त्यातल्या कित्येकांची दोन-दोन, तीन-तीन वर्षं अशीच गेली.

पण या पायरीवर निदान कुणीतरी आहे. सरकारचं छप्पर असतं. आमच्यासारखी केंद्रं असतात. १९५१ पासून निर्वासितांसाठी काम करणारी रेफ्युजी कौन्सिल आहे, ब्रिटिश रेड क्रॉस आहे, २००५ मध्ये शेफिल्डमध्ये सुरू होऊन देशभर पसरलेली ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ ही चळवळ आहे. लंडनमध्ये जुन्या सायकली दुरुस्त करून या लोकांना देणारी एक संस्था आहे. बसच्या भाड्यात ज्याचे अर्ध्या आठवड्याचे पैसे संपतात त्याला सायकल म्हणजे काय, हे सांगायला नको. लोक कोट, बूट, मुलांची खेळणी भरभरून आणून देतात. आमच्या हॉलच्या मागच्या खोलीत कोटांच्या पिशव्या छतापर्यंत रचलेल्या असतात.

मंजुरीचं पत्र आलं की मात्र हे सगळं एकदम थांबतं. कागदावर तो माणूस आता इतरांसारखा झाला. काम करू शकतो, घर घेऊ शकतो, मग सरकारी खोली आणि कार्ड बंद. त्यासाठीची मुदत वर्षानुवर्षं २८ दिवसांची होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती प्रयोग म्हणून ५६ दिवस केली, आणि सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक एकट्या प्रौढांसाठी पुन्हा २८ वर आणली.

माझ्या धंद्याच्या सवयीने मी हा हिशोब कागदावर मांडला. नोकरी लागेपर्यंत जो सरकारी भत्ता मिळतो, युनिव्हर्सल क्रेडिट, त्याचा पहिला हप्ता अर्ज केल्यापासून साधारण पाच आठवड्यांनी येतो. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. पत्र हातात पडल्याच्या दिवशी अर्ज केला तरी खोली आधी जाते आणि पैसे नंतर येतात. मधल्या काळासाठी उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. म्हणजे पहिलाच पगार कर्जाने सुरू. सरकारचं बिनव्याजी कर्जही आहे, काहीशे पौंडांचं. ते मंजूर होऊन हातात पडेपर्यंत दिवस जातात, आणि बँकेत खातं नसेल तर पडणार कुठे?

आता खोलीचं बघू. आमच्या भागात चार-पाच जणांच्या घरातली एक खोली महिना ४५० पौंडांच्या आसपास मिळते. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे ५१९ पौंड. पहिल्या महिन्याचं भाडं धरून ९६९. आठवड्याला ४९ पौंडांवर जगलेल्या माणसाने हे कुठून आणायचे? आणि पैसे आणले तरी एजंट विचारतो: जामीनदार कोण? जामीनदाराचं वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या छत्तीसपट असावं, असा अनेक एजंटांचा दंडक आहे. जामीन नसला की पूर्वी घरमालक सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. २०२५ च्या नव्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही आगाऊ मागणी एका महिन्यापुरती मर्यादित केली. भाडेकरूंच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, पण घरमालकांचा सगळा भार आता जामिनावर येईल अशी मला भीती वाटते.

नगरपालिकेकडे गेलं तर? मुलंबाळं असलेलं कुटुंब असेल, गरोदर बाई असेल, आजारी माणूस असेल, तर त्यांची तात्पुरती सोय करणं तिला भाग आहे. एकट्या, धडधाकट पुरुषाचा नंबर त्यात सहसा लागत नाही. त्याच्या हातात सल्ल्याचा कागद देतात. म्हणून मंजुरीची बातमी आली की आमच्या केंद्रातल्या जुन्या कार्यकर्त्या अभिनंदन करतात आणि लगेच कॅलेंडर काढतात. ‘आगीतून फुफाट्यात’ हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यातला फुफाटा मी इथे पाहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण जी मदत करतो ती बहुतेक पहिल्या पायरीवर खर्च होते, कारण तिथलं दुःख डोळ्यांना दिसतं. थंडीने कुडकुडणारं मूल दिसतं, म्हणून कोट येतात. एजंटच्या ऑफिसात फॉर्मचा एक रिकामा रकाना घेऊन बसलेला तरुण कुणाला दिसत नाही. आयुष्य पुन्हा उभं करणं मात्र त्या रकान्यापाशी अडतं. त्या माणसाकडे कष्ट करायची तयारी आहे, कसब आहे, आता कायद्याची परवानगीही आहे. या देशात त्याच्यासाठी शब्द टाकणारं माणूस तेवढं नाही.

हे मला सुचलं ते कोल्हापूरला, मागच्या खेपेला गेले तेव्हा. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना गांधीनगर सांगावं लागत नाही. साड्या, शालू, आहेराचे कपडे घ्यायला तिथे जायचं हे ठरलेलंच. बहुतेक दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची. लहानपणापासून मी तिथे जात आले, पण ती जागा मुळात काय होती हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तो वळिवडे कॅम्प. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते पार कोल्हापूरच्या माळावर आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, मुलांची स्काउट पथकं होती. सुरुवातीला खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करायचं. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले.

वळिवड्याचे ते पोलिश पुढे गेले कुठे? बरेचसे इकडेच, ब्रिटनमध्ये. आणि ब्रिटनने तेव्हा १९४७ चा पोलिश पुनर्वसन कायदा केला होता. राहायला छावण्या, मुलांना शिक्षण, मोठ्यांना कामाला लावण्याची व्यवस्था, हे सगळं त्यात होतं. युद्धाने खंक झालेला, रेशनवर जगणारा देश होता तो. माणूस लवकर कामाला लागला तर सगळ्यांचंच भलं, हे त्याला कळलं होतं.

सिंधी बांधवांची गोष्ट आपण जास्त जवळून पाहिली. कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं ते १९४९ मध्ये. सोसलं त्यांनी भरपूर, बराकींतले दिवस सुखाचे नव्हते. पण ‘तुमचे कागद तपासून होईपर्यंत हात बांधून बसा’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही. ते आगगाडीत खाऊच्या गोळ्या विकू शकले, पदपथावर कापड मांडू शकले. १९४८ मध्ये विस्थापितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला केंद्र सरकारने खास पुनर्वसन वित्त प्रशासन उभारलं. शरणार्थी म्हटलेलं त्यांच्यातल्या अनेकांना आवडायचं नाही. आम्ही पुरुषार्थी, असं ते सांगत. तो शब्द खरा करून दाखवायची संधी त्यांना मिळाली, म्हणून आज गांधीनगर आहे.

तिबेटींचंही तसंच. दिवाळी सरली की नागपूर, पुणे, नाशिकला स्वेटरचे तिबेटी स्टॉल लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. थंडीचे दोन-तीन महिने स्वेटर विकून वर्ष काढणारी ही माणसं पन्नास वर्षं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही, आणि त्यामुळे कुणाला दार उघडं तर कुणाला बंद असा प्रकार चालतो. दिल्लीत कित्येक वर्षं काढलेल्या अफगाण किंवा म्यानमारच्या कुटुंबांना बँकेत साधं खातं उघडायला काय सोसावं लागतं, ते वेगळ्या लेखात लिहायला हवं. त्यामुळे आपण फार चांगले आणि इंग्रज वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

ब्रिटनमध्ये काम करायची बंदी नेहमीच अशी नव्हती. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर आश्रयार्थीला कामाची परवानगी मिळत असे. ती सवलत जुलै २००२ मध्ये काढून घेतली. आता वर्षभर थांबावं लागतं, आणि मग परवानगी मिळालीच तर ती सरकारी यादीतल्या मोजक्या कामांपुरती. काम करू दिलं तर आणखी लोक येतील, हे त्याचं समर्थन. पण बंदी लागू असतानाच फ्रान्सहून छोट्या बोटींतून येणाऱ्यांचा आकडा २०१८ मधल्या ३०० वरून २०२२ मध्ये ४५ हजारांच्या वर गेला. बंदीने बोटी अडल्या नाहीत. हातातलं कसब तेवढं गंजलं. दोन वर्षं रिकामं बसलेला वायरमन मंजुरीनंतर कामाला गेला की मालक पहिला प्रश्न विचारतो, मधली दोन वर्षं काय केलंत?

आता आपल्या लोकांचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण ते मी गणपतीच्या जेवणावळीत, दिवाळी पहाटेला, कारपार्कमध्ये उभ्या-उभ्या, सगळीकडे ऐकते. “आम्ही रांगेत उभं राहून आलो. व्हिसाचे पैसे भरले. आरोग्याचा अधिभार भरतो, तो आता मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड झाला. वर कर भरतो. नोकरी गेली तर आम्हाला सरकारचा एक पैसा मिळत नाही, तसं आमच्या व्हिसावर लिहिलेलंच असतं. आणि हे असायलमवाले बोटीतून येऊन हॉटेलात राहतात.”

या रागातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. मीही ते पैसे भरले आहेत. नोकरी जाण्याच्या भीतीने कित्येक रात्री आम्ही नवरा-बायको जागे राहिलो आहोत. आपल्याला कुणी फुकट काही दिलं नाही हे खरंच आहे. पण ज्या रांगेचा आपल्याला अभिमान आहे, ती रांग दारफूरच्या माणसासाठी नाहीच. आश्रयासाठी व्हिसा नावाची गोष्ट नसते. ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर ब्रिटनच्या भूमीवर पाय ठेवूनच मागावा लागतो. मोजक्या देशांतल्या मोजक्या लोकांसाठी सरकारी योजना आहेत, बाकीच्यांना समुद्र. ज्याला रांगच नाही त्याने रांग मोडली असं कसं म्हणायचं? आणि हे लोक खोटे असतात म्हणावं, तर २०२२ मध्ये पहिल्याच निर्णयात चारपैकी तीन अर्ज सरकारनेच मंजूर केले. नंतरच्या वर्षांत ते प्रमाण घसरलं, पण सुदानच्या माणसाला नकार मिळणं अजूनही विरळाच.

हॉटेलांच्या खर्चाचं म्हणाल तर तो माझ्याही डोळ्यांत खुपतो. आश्रयार्थींच्या निवासाची २०१९ ते २०२९ ची कंत्राटं सुरुवातीला ४.५ अब्ज पौंडांची धरली होती. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तो अंदाज १५.३ अब्जांवर गेल्याचं सांगितलं. हा पैसा आश्रयार्थीच्या खिशात जात नाही. त्याच्या वाट्याला आठवड्याचे मोजके पौंड येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आश्रयार्थींना ठेवलेल्या रॉदरहॅमच्या हॉटेलला जमावाने वेढा घातला आणि आग लावायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्या बुधवारच्या हॉलमध्ये दोन आठवडे कुणी आलं नाही. आणि तेव्हा मीही भारतीय दुकानात जायला घाबरत होते. दगड मारणाऱ्याने आमचा व्हिसा तपासला नसता.

आपल्याही माणसांना इथल्या गावांनी ‘येऊ नका’ म्हटलेलं आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलं, त्यात गुजराती होते तसे गोव्याचेही बरेच होते. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्याकडे येऊ नका असं कळवलं होतं. तरी सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली, आणि स्वयंसेवी बायकांनी छावण्यांतून त्यांना कोट-ब्लँकेटं दिली. आज लेस्टर आपली दिवाळी कौतुकाने मिरवतं.

मग करायचं काय? माझ्या मते आपण मराठी लोक इथे जे करू शकतो ते ठरावीक आहे आणि फार खर्चिक नाही.

पहिलं काम डॉक्टरांचं. ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला प्लॅब, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे काम करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा, माहीत आहे. ईस्ट हॅममध्ये एका खोलीत चौघं राहून, देवळातला प्रसाद जेवून, निकालाची वाट पाहिलेले आज मोठमोठ्या हॉस्पिटलांत कन्सल्टंट आहेत. खार्टूम, दमास्कस, काबूलहून आलेल्या डॉक्टरला तीच परीक्षा द्यावी लागते, आणि त्याच्याजवळ अभ्यासाचा गट नसतो, अनुभवासाठी वॉर्डात उभं करून घेणारं कुणी नसतं, फीचे पैसे नसतात. सॅलफर्डमध्ये निर्वासित डॉक्टर-नर्सना यासाठी तयार करणारं एक केंद्र आहे. फीसाठी बिनव्याजी कर्ज देणारी रेफ्यूएडसारखी संस्था आहे. त्यांना पैशांइतकीच शिकवणाऱ्यांची गरज असते. महिन्यातून एक रविवार, एवढंच मागणं आहे.

ही काही नवी कल्पना नाही. १९३३ मध्ये हिटलरने ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढलं तेव्हा अर्थशास्त्रज्ञ विल्यम बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल काढली. त्यांनी त्या माणसांना पाठ्यवृत्ती आणि विद्यापीठात बसायला जागा मिळवून दिली. ‘हा माणूस चांगला आहे, याला घ्या’ असं इंग्रज प्राध्यापकांनी आपल्या नावानिशी लिहून दिलं. पदार्थविज्ञानातला थोर शास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न त्या काळातला. सी. व्ही. रामन यांनी बोलावलं म्हणून १९३५-३६ मध्ये तो काही महिने बंगळूरला येऊन राहिला होता. रामन यांची त्याला कायम ठेवायची फार इच्छा होती, पण तिथे ते जमलं नाही आणि १९३६ मध्ये तो एडिनबराला गेला. १९५४ चं नोबेल त्याला मिळालं. बंगळूरची ती हुकलेली संधी मला फार लागते. एका मोठ्या माणसाने शब्द टाकला होता, बाकीचे मागे सरले.

दुसरं काम जामिनाचं. इथे वडिलांचं वाक्य आडवं येतं, आणि ते चुकीचं नव्हतं. एकट्याने सही करणं धोक्याचंच आहे. पण आपल्याला भिशी माहीत आहे. सहा जणांनी प्रत्येकी १६२ पौंड घातले की वर सांगितलेले ९६९ उभे राहतात. तेवढ्यावर अनामत आणि पहिलं भाडं भागतं. राहणारा माणूस कामाला लागला की महिन्याला शंभर करून दहा महिन्यांत ते परत करतो, आणि तेच पैसे पुढच्याला जातात. जामिनावर सही एकाची, पण भाडं थकलं तर भार सहांवर वाटून घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवायचं. इथल्या काही सेवाभावी संस्था अशीच योजना मोठ्या प्रमाणावर चालवतात. आपण त्यांच्या हाताखाली, त्यांच्या नियमांनी चालवावी. कोण लायक हे त्या ठरवतील. आपल्याला कुणाची चौकशी करायला नको आणि कुणाची कर्मकहाणी ऐकायला नको.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. आश्रयार्थीला आपली कहाणी सरकारी अधिकाऱ्याला सांगावी लागते, वकिलाला, डॉक्टरला, अपिलात न्यायाधीशाला. त्यानंतर निधी जमवायच्या कार्यक्रमात आपण त्याला माइक देतो आणि पुन्हा सांगायला लावतो. आमच्याही केंद्राने हे केलं आहे, आणि त्या संध्याकाळी एक बाई बोलता-बोलता खाली बसली ती उठेना. पतसंस्थेत कर्ज घेणाऱ्याला त्याचा बाप कसा मेला हे कुणी विचारत नाही. व्यवहार व्यवहारासारखा असला की माणसाची मान ताठ राहते. पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची. त्या ताटाने कित्येकांची शिक्षणं झाली हे खरं, पण ते आठवताना त्यातल्या कित्येकांचा आवाज म्हातारपणीही जड व्हायचा.

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट मला इथे आठवते. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि भांडवल दिलं. चहाचं दुकान निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः लवाजम्यासह दुकानासमोर थांबून सगळ्यांदेखत चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. भांडवल तर त्यांनी दिलंच होतं. महाराजांनी तिथे स्वतःचं नाव जामीन ठेवलं.

एक आक्षेप मला आमच्या केंद्रातल्याच लोकांकडून ऐकावा लागतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सरकारने करायचं काम आपण करत राहिलो तर सरकार अंग काढून घेईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी जे जाहीर केलं त्यात ही भीती खरी ठरायची चिन्हं आहेत. निर्वासिताचा दर्जा पाच वर्षांऐवजी अडीच वर्षांचा, कायमच्या वास्तव्यासाठी वीस वर्षं थांबायचं, आणि आश्रयार्थींना आधार देण्याचं कायदेशीर बंधन काढून टाकायचं, असा तो बेत. त्याआधी सप्टेंबरात कुटुंबाला बोलावून घेण्याचे नवे अर्ज थांबवले गेलेच होते. अडीच वर्षांनी ज्याचं काय होईल ते सांगता येत नाही त्याला घर कोण देणार, शिकाऊ म्हणून कामावर कोण घेणार?

म्हणून सरकारकडे मागायचं ते मागत राहायलाच हवं. खासदाराला पत्र लिहायचं: सहा महिन्यांनी काम करू द्या, आणि मंजुरीनंतरची मुदत सगळ्यांसाठी ५६ दिवस करा. यात सरकारचा खर्च वाचतोच. माझ्या मतदारसंघाच्या खासदाराला मी हे दोनदा लिहिलं आहे, तिसऱ्यांदा लिहीन. निवारा आणि अन्न ही सरकारची जबाबदारी आहे. देणगीच्या पैशांतून हॉटेलं चालवायची नाहीत. पण ‘या माणसाला मी ओळखते’ असं सरकार कधीच म्हणू शकत नाही. ते शेजाऱ्यालाच म्हणावं लागतं.

दारफूरच्या त्या तरुणानंतर दीड वर्षाने एका इरिट्रियन बाईसाठी आणि तिच्या मुलासाठी मी पहिली सही केली. वडील तेव्हा हयात नव्हते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “भाडं भरते का नीट?” भरते. एक महिना चुकलं, कारण तिचा पगार उशिरा झाला. तिने आधी फोन करून सांगितलं आणि पुढच्या महिन्यात दोन्ही भरले. मूल आता शाळेत जातं, आई एका वृद्धाश्रमात काम करते.

आमच्या गावातल्या मराठी मंडळींची बैठक पुढच्या महिन्यात आहे. दरवर्षी आपण महाराष्ट्रातल्या शाळांना, पूरग्रस्तांना पैसे पाठवतो, ते पाठवायचेच. या वेळी मी भिशीचा विषय मांडणार आहे. सहा जण हवेत. मी आणि माझा नवरा मिळून एक, आणि प्लॅबच्या दिवसांत ईस्ट हॅमला राहिलेल्या एक डॉक्टरीणबाई, असे दोन झालेत. चार बाकी आहेत.